मागच्या स्क्रूवरची सही

दिनांक ३ जून

प्रिय चिमटा,

सप्रेम नमस्कार. आम्ही इथे खुशाल आहोत. तुम्हीही असाल असं धरून चालतो, कारण तुझ्या फोनवर "हो दाजी, मजेत" याच्यापुढे काही कळत नाही. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तुझ्या ऑफिसातलं कुणीतरी तुला हाक मारतं आणि फोन संपतो. कागद तरी थांबतो, म्हणून पत्र लिहायला बसलो.

तुझ्या ताईचे गुडघे आता बरे आहेत. जिना चढताना कुरकुर ऐकू येते, पण ती गुडघ्यांबद्दल असते की माझ्याबद्दल ते मी विचारत नाही. दुकान चाललंय. लोक हल्ली कॉम्प्युटर दुरुस्त करत नाहीत, नवीन घेतात. ज्यांना जुन्या वस्तूचा लळा असतो तेवढे माझ्याकडे येतात, आणि तेवढे मला पुरतात. सकाळी शटर अर्धं वर करून पाच मिनिटं देवाचं नाव घेतो, मग उरलेलं वर. तू म्हणायचास, "दाजी, देवाला वाकून आत यायला लावता आणि गिऱ्हाइकाला ताठ." अजून तसंच आहे.

तुझ्या दादूचं स्वतःचं ऑफिस सुरू होतंय, पंधरा तारखेला रविवारी तुम्ही सगळे येणार, हे ऐकून बरं वाटलं. पोरानं इमारतींची चित्रं काढता काढता खरोखरीच्या इमारती बांधायला घेतल्या. त्याचं कौतुक आहेच. आमची टिकली त्या दिवशी पाहुण्यांची उठबस बघणार आहे. ती अजून फरश्यांच्या दुकानातच आहे. खोलीची लांबी-रुंदी सांगितली की किती फरश्या लागतील ते ती तोंडी सांगते, मालक खूश असतो.

तिच्या कॉलेजातून मध्यंतरी एक कागद आला. ज्यांनी शिक्षण मधेच सोडलं त्यांना पुन्हा तिसऱ्या वर्षात बसता येईल, पण यंदा शेवटची संधी. अर्ज वीस जूनच्या आत. कागद दोन आठवडे जेवणाच्या टेबलावर पडून आहे. ताईने विचारलं तर म्हणाली, "आई, मी मुळातच स्लो आहे गं. पुन्हा तेच कशाला?" चेष्टेत म्हणाली. आम्ही दोघं हसलो नाही.

आता ज्यासाठी लिहितोय ते.

दादूने मागच्या आठवड्यात त्याचं जुनं मशीन दुकानात आणून टाकलं. म्हणाला, "काका, नवीन जागेत अडगळ नको. टिकलीचंही तसंच आहे ना? दोन्हींचं मिळून एक चांगलं करा आणि कुणाला तरी देऊन टाका." मला कल्पना आवडली. आमच्या गल्लीतल्या वाचनालयाला एक मशीन हवंच होतं.

तुला आठवत असेल, सात वर्षांपूर्वी दोन्ही पोरांना एकाच कॉलेजात आर्किटेक्चरच्या एकाच वर्गात प्रवेश मिळाला, तेव्हा तू दोघांसाठी एकसारखी मशिनं बांधून दिली होतीस. ऑफिसांतून निघालेले दोन आय-फाइव्ह प्रोसेसर तू कुठूनतरी मिळवलेस. तेव्हाही ते जुनेच होते, मधल्या दर्जाचे, पण तू म्हणालास, "चार कोर आहेत दाजी, पोरांची पाच वर्षं आरामात निघतील." आमच्या जेवणाच्या टेबलावर तू ते दोन चौकोनी तुकडे ठेवलेस आणि म्हणालास, घ्या, निवडा आपापला. पोरांनी निवडले. तू ते वेगवेगळ्या पाकिटांत घातलेस आणि पोरांनी वर स्केचपेनने नावं घातली. टिकलीने नावाशेजारी एक घर काढलं. दादूने नावावर मुकुट काढला. ताई म्हणाली, "बघा, राजा आणि राजाचा गवंडी." किती हसलो होतो.

तर दोन्ही मशिनं शेजारी शेजारी लावली. दोन्हीच्या पडद्यावर एकच नाव, तोच आय-फाइव्ह. दोन्हीत कामाचा आलेख दाखवणाऱ्या चार चौकटी. साधी पत्रं उघडून पाहिली, एक हिशेबाचा तक्ता उघडला. तसूभर फरक नाही. मग सहज म्हणून टिकलीचं एक जुनं काम दोन्हींवर लावलं. वाचनालयाची इमारत आहे, वळणाचा जिना आणि वरून येणारं ऊन. नुसत्या रेघांमधून फोटोसारखं चित्र तयार करायला मशीनला किती वेळ लागतो ते भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. दादूच्या मशीनला अकरा मिनिटं लागली. टिकलीच्या मशीनला एकोणीस.

मला वाटलं धूळ असेल, ती फुंकली. मग दोन्हींची रॅम अदलाबदल केली, वीज देणारा डबासुद्धा बदलला. तुझी दोन्ही कॅबिनेट अशी आहेत की डाव्या झाकणातून एवढं सगळं करता येतं. प्रत्येक वेळी तेच. अकरा आणि एकोणीस. चार दिवस दुपारी दुपारी हेच करत होतो. शेजारचा शिंपी म्हणाला, "काय हो, शर्यत लावलीय का दोघांची?"

आता एकच गोष्ट पाहायची राहिली आहे. पंख्याखालचा प्रोसेसर. त्या पंख्याचे नट मागच्या बाजूने आहेत, त्यासाठी उजवं झाकण काढावं लागतं, आणि उजव्या झाकणाच्या मागच्या स्क्रूवर तुझी पट्टी आहे. पांढऱ्या कागदाची, तुझी सही आणि तारीख. डिंक पिवळा पडलाय, पण पट्टी शाबूत आहे.

उस्तादांचा नियम मी सांगायला नको. ज्याने बांधलं त्याची सही, आणि त्याची सही दुसऱ्याने फाडायची नाही. फाडली तर तोंडावर चोर म्हटल्यासारखं. आपण दोघं त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं होतो. तुझ्या बोटांवरून त्यांनी तुला चिमटा म्हटलं आणि माझ्या चालीवरून मला कासव. त्या नऊ वर्षांत एकदाही मी तुझ्या सहीला हात लावला नाही, आणि तू माझ्या.

म्हणून विचारतो. तू रविवारी येशील तेव्हा तूच उघडशील का? की मी उघडू? आणि बांधताना काही वेगळं झालं होतं का, आठवून सांग. सात वर्षं झाली, काही असलं तरी मी काय रागावणार आहे? फक्त वीस तारखेच्या आत कळलं तर बरं.

घरातल्या सर्वांना नमस्कार, आशीर्वाद ज्याला जे लागू ते.

तुझाच,
कासव


दिनांक ११ जून

चिमटा,

तुझं उत्तर मिळालं. मला नाही, तुझ्या ताईला. फोनवर तू तिला म्हणालास, "दाजींना सांग, भंगार आहे ते, डोकं कशाला घालवतात? दादूला पाठवतो, तो घेऊन जाईल दोन्ही." ताईने मला ते चहा देता देता सांगितलं. तिला त्यात काही वाटलं नाही. मलाही त्या क्षणी वाटलं नाही.

काल दुपारी दादू गाडी घेऊन आला. शटरखालूनच हाक मारली, "काका, पप्पांनी मशिनं मागवलीत. आजच्या आज म्हणाले."

मी म्हटलं, "अरे, तूच तर म्हणालास ना की वाचनालयाला द्या?"

"मी म्हणालो हो. पण ते फोनवर असे ओरडले माझ्यावर. मला न विचारता मशीन दिलंसच कसं म्हणून. भंगारासाठी एवढं कोण ओरडतं?"

मी त्याला बसवलं. पाणी दिलं. त्याला विचारलं, कॉलेजात असताना चित्र तयार व्हायला मशीनला किती वेळ लागायचा. तो म्हणाला, "मोठं असेल तर चार तास. संध्याकाळी लावायचं, जेवून यायचं, तयार. टिकलीचं कधी वेळेत व्हायचं नाही. मी तिला म्हणायचो, अगं, तू रेघा जास्त घालतेस." पोराचा चेहरा स्वच्छ होता. त्याला काहीच माहीत नाही, हे मी देवाला साक्षी ठेवून सांगू शकतो. त्याला म्हटलं, मशिनं रविवारी तुझ्या पप्पांनाच देईन. तो गेला.

तो गेल्यावर मी बाकावर बसून राहिलो. ज्या माणसाच्या लेखी ते भंगार आहे, त्याला ते मशीन आजच्या आज का हवं आहे? आपल्या गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, खरं बोलणाऱ्याला घाई नसते. इतकी वर्षं ते वाक्य मला माझ्या मंदपणाची सोय वाटत होतं. देवाचं नाव घेतलं. त्याला विचारलं नाही, उघडू की नको. विचारलं असतं तर मी पुन्हा थांबलो असतो.

तुझी सही मी फाडली नाही. ब्लेडने कडेने सोडवून वहीच्या पानावर चिकटवून ठेवली आहे. मग उजवं झाकण काढलं, पंखा काढला, सुकलेली पेस्ट पुसली.

आय-थ्री.

वर कोरलेला नंबर तीनदा पुसून वाचला. चष्मा काढून वाचला. मग दादूचं मशीन उघडलं. त्यात आय-फाइव्ह, अगदी व्यवस्थित. तरी टिकलीच्या पडद्यावर आय-फाइव्ह हेच नाव कसं येतं, हे मला कळेना. संध्याकाळपर्यंत शोधलं आणि सापडलं. चार ओळींची एक फाइल आहे. मशीन सुरू झालं की ती गुपचूप चालते, प्रोसेसरचं खरं नाव पुसते आणि जागी खोटं नाव लिहिते. रोज. माझी पोर रोज सकाळी बटण दाबायची आणि ते मशीन पहिलं काम म्हणून खोटं बोलायचं. खरं नाव जिथे दिसलं असतं त्या आतल्या सेटिंगला तू पासवर्ड घातला होतास, तो आठवतो? "पोरं उगाच काहीतरी बदलतील दाजी," म्हणाला होतास. मी मान हलवली होती.

तुझ्या हुशारीला मी नेहमीच मानलं. चुकून वेगळा बसला असता तर ती चूक ठरली असती. पण या चार ओळी लिहायला बसावं लागतं.

आपल्याला दोघांनाही ठाऊक आहे म्हणून समजावून सांगत नाही, ताईला सांगितलं तसं लिहितो. त्या आय-फाइव्हमध्ये चार कामकरी आहेत. आय-थ्रीमध्ये दोनच, पण ते इतक्या भरभर हात बदलतात की मोजणाऱ्याला चार वाटतात. म्हणून दोन्हीकडे चार चौकटी दिसतात. शाळेत नाही का, गैरहजर पोराच्या वतीने दुसराच आवाज बदलून "हजर" म्हणायचा? हजेरीत वर्ग भरलेला दिसायचा. पण बाक उचलायची वेळ आली की उचलायला दोघंच. पत्र लिहायला, हिशेब मांडायला दोन्ही प्रोसेसर सारखे. उलट आय-थ्रीच एखाद वेळी किंचित चपळ. ओझं पडलं की फरक. आणि टिकलीचं सगळं शिक्षणच ओझ्याचं होतं.

ताईने ऐकून घेतलं. तिने विचारलं, "चुकून ना?" मी फाइलचं सांगितलं. मग ती भाजी निवडायला बसली आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडत राहिली.

अजून एक आहे. टिकलीच्या कॅबिनेटच्या तळाशी, डिस्कच्या खाचेमागे, चिकटपट्टीने एक पाकीट चिकटवलेलं होतं. उस्तादांचा दुसरा नियम: खराब झालेला भाग टाकायचा नाही, गिऱ्हाइकाच्या वस्तूतच परत ठेवायचा, म्हणजे त्याला कळेल काय बदललं. पाकिटात एक आय-फाइव्ह आहे. एक कोपरा तुटलेला, खालचे दोन बारीक दाणे उडालेले. तुझ्या हातून पडला असणार. ज्याच्या बोटांतून आयुष्यात काही निसटलं नाही असं उस्ताद चारचौघांत सांगायचे, त्याच्या हातून. ते कुणाला सांगणं तुला जमलं नसेल, हे मी समजू शकतो. खरंच समजू शकतो. एवढंच असतं तर मी ही फाइलसुद्धा पुसून टाकली असती आणि रविवारी तुझ्याशी हसून बोललो असतो.

पण पाकिटावर मुकुट आहे.

पडला तो दादूचा होता, चिमटा. टिकलीचा शाबूत होता. घर काढलेल्या पाकिटातला तू काढलास आणि आपल्या पोराच्या मशीनमध्ये बसवलास. आणि तिच्या मशीनमध्ये हा आय-थ्री बसवलास. खोटं इतकं नीट रचताना तुला उस्तादांचा तो नियम मोडवला नाही, तुटलेला भाग तू इमानाने परत ठेवलास. यावर मी कालपासून विचार करतोय. तुला वाटलं असेल, कधीतरी मी उघडेन. की तुला खात्री होती, मी कधीच उघडणार नाही? तुझं माझ्याबद्दलचं मत मला यातून कळत नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलंय.

आता ते लिहितो जे पहिल्या पत्रात लिहिलं नाही. तेव्हा वाटलं होतं, लिहावं लागणार नाही.

टिकलीने मला तीनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा नुसतं म्हणाली, बाबा, माझं मशीन दादूच्या मशीनपेक्षा हळू चालतंय. मी पडद्यावरचं नाव पाहिलं, चार चौकटी पाहिल्या, एक पत्र टाइप करून पाहिलं आणि सांगितलं, ठीक आहे. दुसऱ्यांदा तिने एक कागद आणला. म्हणाली, यात सगळं लिहिलंय, वाचा. मी गिऱ्हाइकात होतो. घडी घातली आणि गल्ल्याखालच्या खणात टाकला.

तिसऱ्यांदा तू होतास.

रविवार होता, सकाळचे दहा-साडेदहा. तू खिडकीजवळच्या खुर्चीत चहा घेत होतास. कॉलेजात तिचं काम पुन्हा उशिरा गेलं होतं आणि मास्तरांनी वर्गात दादूचं उदाहरण दिलं होतं. ती म्हणाली, "बाबा, एकदा उघडून बघा ना. फक्त एकदा." मी म्हटलं, "तुझ्या मामाने बांधलंय. त्याची सही आहे त्यावर. दादूचं मशीन तेच, तुझं तेच. खोट मशीनमध्ये नाही, तुझ्यात आहे. ती आधी शोध." एवढं बोललो. चढ्या आवाजात नाही, तुला माहीत आहे मला आवाज चढवता येत नाही. म्हणूनच ते तिला खरं वाटलं असेल.

तू कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "असू दे दाजी, सगळ्यांचं डोकं सारखं नसतं. हाताचं दुसरं काही काम शिकेल पोरगी."

तिच्याकडे बघून म्हणालास. मायेने म्हणालास. मला त्या वेळी वाटलं होतं, किती समजूतदार माझा मेहुणा, पोरीची बाजू घेतोय.

त्यानंतर तिने कधी काही विचारलं नाही. दीड महिन्यात कॉलेज सोडलं.

प्रोसेसर बदललास त्याचं दुःख मी एखाद वेळी गिळीन. त्या सकाळी तू तिथे बसला होतास. एक वाक्य, फक्त एक वाक्य तुझ्या तोंडून यायला हवं होतं. ते नाही तर निदान गप्प तरी बसायचं होतंस. तू बोललास ते काय बोललास!

काल संध्याकाळी फरश्यांचं दुकान बंद झाल्यावर तिला इकडेच बोलावून घेतलं. दोन्ही मशिनं उघडी होती. मी सगळं दाखवलं, सांगितलं. मुकुटाचं पाकीट तिच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. मला वाटलं रडेल, तुला शिव्या देईल. तिने मला विचारलं, "मामाचं कळलं. तुम्ही का नाही उघडलंत?"

मी म्हटलं, "सही होती गं."

ती उठली, गल्ल्याखालचा खण ओढला, आणि जुन्या बिलांच्या तळातून तिचा तो कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. म्हणजे मी तो वाचला नाही, हेही ठाऊक होतं. उघडला. पेन्सिलीने आखलेले दोन रकाने. एकात दादूचे वेळ, एकात तिचे. चार तास, सात तास. साडेतीन, सहा. पंचवीस मिनिटं, पंचेचाळीस. जे शोधायला मला या वयात चार दुपारी लागल्या, ते तिने एकोणिसाव्या वर्षी मांडून ठेवलं होतं. आणि खाली उजव्या कोपऱ्यात तिचं पूर्ण नाव, सही आणि तारीख. दुकानात आपल्याला करताना लहानपणापासून बघितलं होतं ना तिने.

"ही पण सहीच होती, बाबा," ती म्हणाली. "माझी."

मी तो कागद पुन्हा वरपासून वाचला. देवापुढे सकाळी बसलो तेव्हाही तोच डोळ्यांपुढे होता. तू मला फसवलंस. पण तिला ज्याने खोटं ठरवलं तो मी. तुझ्यावर रागावताना दर वेळी मधेच माझा राग वळून माझ्याकडे येतो, आणि मग तुझ्यावरचा अजून वाढतो. कारण हेही तू मला करायला लावलंस.

आता रविवारचं. ताई म्हणते, त्याने येऊ नये. मी म्हणतो, ये. दादूच्या ऑफिसचा कार्यक्रम अकराला आहे. तू आठ वाजता दुकानात ये. ताई असेल, टिकली असेल, मी असेन. दादूला मी बोलावणार नाही, तू आणणार असशील तर आण. त्याला आज ना उद्या कळायला हवं. तो हुशार आहेच, ती हुशारी कुणी काढून घेत नाही. पण आपण कुणाच्या जागेवर उभं राहून पुढे गेलो हे त्याला माहीत असलेलं बरं. मुकुटाचं पाकीट माझ्या खणात आहे. ते मी त्याला देणार नाही. ते तुझ्या हातानेच त्याच्याकडे गेलं पाहिजे.

माफी वगैरे मागू नकोस. तिने स्वतःच सांगितलंय, माफी नको. तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय की त्या रविवारी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला सगळं माहीत होतं. मी सांगितलं ते तिला पटलं आहे. पण बाप समजूत काढायला काहीही सांगतो, असाही कोपरा असतो माणसाच्या मनात. इतकी वर्षं तिने स्वतःला मंद म्हटलंय. ज्याने तसं म्हणू दिलं, त्यानेच ते परत घेतलं पाहिजे.

अर्ज अजून टेबलावर आहे. आज सकाळी पाहिलं तर त्यात नाव लिहिलेलं आहे, पत्ता आहे, सोडलेलं वर्ष आहे. सगळं पेन्सिलीने. सहीची जागा कोरी आहे. वीसला शेवटची तारीख.

मला यापुढे दाजी म्हण. ताईचा नवरा आहे, ते नातं माझ्या हातात नाही. पण कासव म्हणू नकोस. ते नाव उस्तादांनी तुझ्या नावाबरोबर जोडीने दिलं होतं.

रविवारी आठ वाजता शटर अर्धंच वर असेल. आत यायला वाकावं लागेल.

टिकलीचा बाप